वाया जाणाऱ्या गॅसचं डिझेल होतं का? सारखे येणारे प्रश्न

उरण, करंजा, अलिबाग, गुहागर, रत्नागिरी, सगळीकडून तेच तेच प्रश्न येत राहतात, म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवतोय. प्रश्न लोकांनी पाठवले तसेच ठेवलेत, फक्त शिव्या काढल्यात. एखादं उत्तर दुसरीकडे येऊन गेलं असेल तर तिथला नंबर दिलाय, तिकडे बघा.

१. उरणच्या प्लांटवर ती ज्वाला रात्रंदिवस पेटलेली असते. चांगला गॅस असा फुकट का जाळतात?

यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपण त्या एकच समजतो.

पहिली सेफ्टीची ज्वाला. कॉम्प्रेसर ट्रिप झाला, वीज गेली, कुठेतरी प्रेशर चढलं की पाइपातला गॅस कुठेतरी सोडावाच लागतो, तसाच सोडला तर त्यातला जड भाग खाली उतरून पसरतो आणि ठिणगी मिळाली की संपलं, म्हणून उंच स्टॅकवर, म्हणजे धुराड्यासारख्या उभ्या पाइपावर, नेऊन जाळतात. त्यासाठी वर एक छोटी पायलट ज्योत कायम पेटती ठेवावी लागते. किनाऱ्यावरून जे रोज दिसतं ते बहुतेक वेळा एवढंच.

दुसरी गोष्ट म्हणजे रोजची जाळणी. विहिरीतून तेल काढताना त्याच्याबरोबर गॅस येतोच, त्याला असोसिएटेड गॅस म्हणतात. तेल टँकरमध्ये भरून नेता येतं, गॅसला पाइपलाइन लागते, कॉम्प्रेसर लागतो, आणि पलीकडे घेणारा गिऱ्हाईक लागतो. यातलं एक जरी नसेल तर कंपनी तेल विकते आणि गॅस जाळून टाकते. जगात असा वर्षाला साधारण १५० अब्ज घनमीटर गॅस जळतो, बराचसा रशिया, इराण, इराक, अमेरिका, नायजेरिया अशा देशांत. २०३० पर्यंत ही रोजची जाळणी बंद करायची असा उपक्रम जागतिक बँकेने २०१५ मध्ये सुरू केला, पण आकडा काही फारसा खाली आलेला नाही.

२. मग न जाळता हवेत सोडला तर काय बिघडतं? धूर तरी नाही होणार.

उलट जास्त वाईट. नैसर्गिक गॅस म्हणजे मुख्यतः मिथेन, आणि वीस वर्षांचा हिशोब धरला तर मिथेन वजनाला वजन कार्बन डायऑक्साइडच्या ८० पटीहून जास्त उष्णता अडवतो. जाळला की त्याचा कार्बन डायऑक्साइड होतो, म्हणजे दोनातलं कमी वाईट.

फ्लेअरमध्ये, म्हणजे या जाळायच्या ज्वालेत, सगळा गॅस जळतोच असंही नाही. हिशोब करताना ९८ टक्के जळतो असं धरायची पद्धत आहे, पण अमेरिकेत विमानातून मोजमाप केलं त्याचा निकाल २०२२ मध्ये आला, तिथे काही ज्वाला नीट जळत नव्हत्या आणि काही चक्क विझलेल्या होत्या, सगळं धरून ९१ टक्क्यांच्या आसपास भरलं. बाकीचा सरळ हवेत.

३. गॅसपासून डिझेल होतं हे खरं आहे का व्हॉट्सॲपवरचं काहीतरी?

शंभर टक्के खरं, आणि नवीन तर अजिबात नाही. जर्मनीत फ्रान्झ फिशर आणि हान्स ट्रॉप्श या दोघांनी १९२५ च्या सुमारास ही पद्धत काढली, तेव्हा कच्चा माल कोळशापासून केलेला वायू होता. पुढे दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने, मग १९५५ पासून साउथ आफ्रिकेत सासोल कंपनीने कोळशातून पेट्रोल-डिझेल काढलं. नैसर्गिक गॅसवरचे मोठे प्लांट म्हणाल तर साउथ आफ्रिकेत मॉसल बे १९९२, मलेशियात बिंटुलू १९९३, कतारमध्ये ओरिक्स आणि नंतर पर्ल, नायजेरियात एस्क्राव्होस. कतारचं पर्ल सगळ्यात मोठं, २०११ मध्ये सुरू झालं, रोज १ लाख ४० हजार बॅरल माल काढायची क्षमता.

म्हणजे होतं का हा प्रश्न कधीच सुटलाय. परवडतं का आणि कुठे परवडतं, तिथे सगळी गोची आहे.

४. करतात कसं? केमिस्ट्री झेपेल अशी सांगा.

मिथेनमध्ये एका कार्बनला चार हायड्रोजन चिकटलेले असतात. डिझेल म्हणजे दहा ते वीस कार्बनची साखळी. तर छोटे तुकडे जोडून लांब साखळी करायची, एवढंच काम आहे, पण मिथेन भलता हट्टी, सरळ जोडायला गेलात तर ऐकत नाही. म्हणून आधी मोडायचा आणि मग जोडायचा.

आधी गॅस साफ करतात. गंधक कणभर जरी राहिलं तरी पुढचा कॅटलिस्ट (स्वतः न संपता रासायनिक क्रिया घडवणारा पदार्थ) मरतो, आणि तो कॅटलिस्ट स्वस्तातला नसतो. मुंबई हायचा गॅस या बाबतीत बरा, वसईच्या फील्डचा गॅस गंधकवाला, तो हजिराला नेऊन साफ करतात.

मग रिफॉर्मिंग. गॅसबरोबर वाफ किंवा ऑक्सिजन, किंवा दोन्ही, देऊन ८०० ते ९०० अंशांच्या वर तापवायचं, वाफेवाल्या पद्धतीत त्यासाठी निकेलचा कॅटलिस्ट असतो. त्यातून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन यांचं मिश्रण निघतं, त्याला सिनगॅस म्हणतात. प्लांटचा सगळ्यात खर्चिक भाग हाच, कारण शुद्ध ऑक्सिजन पाहिजे म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारं युनिट आलं, आणि ते स्वतःच एक अख्खा कारखाना असतं. बिंटुलूला १९९७ च्या डिसेंबरात जो स्फोट झाला तो याच युनिटमध्ये.

तिसरी पायरी फिशर-ट्रॉप्श. सिनगॅस कोबाल्टच्या कॅटलिस्टवरून साधारण २०० ते २४० अंशांला सोडायचा की कार्बन एकाला एक लागत जातात. यात इतकी उष्णता सुटते की ती सतत काढून घ्यावी लागते, नाहीतर तापमान हातचं जातं आणि डिझेलऐवजी पुन्हा मिथेनच तयार व्हायला लागतो. जिथून निघालो तिथेच परत. म्हणून रिॲक्टरमध्ये पाण्याच्या नळ्या खच्चून भरलेल्या असतात आणि त्यातून निघणारी वाफ प्लांट चालवायला वापरतात.

आता गंमत ही की इथून सरळ डिझेल थोडंच निघतं, मोठा भाग मेण असतो, पांढरं शुभ्र, थंड झालं की घट्ट. ते मेण हायड्रोजनच्या प्रेशरखाली तोडून हव्या त्या लांबीचे तुकडे करतात, मग डिझेल, नाफ्था (पेट्रोलसारखं हलकं तेल), केरोसीन वेगळं काढतात. काही मेण तसंच विकतात, त्याला भाव चांगला येतो.

आणि पाणी. प्रत्येक किलो इंधनामागे जवळपास सव्वा किलो पाणी तयार होतं, त्यात अल्कोहोल आणि ॲसिड मिसळलेलं असतं. ते तसंच खाडीत सोडता येत नाही. प्लांटच्या जाहिरातीत हे पाणी कुठेच दिसत नाही बरं का.

५. एलएनजी पण लिक्विडच ना? आणि एलपीजी? फरक काय?

एलएनजी म्हणजे तोच मिथेन, उणे १६२ अंशांपर्यंत गार केलेला, आकार सहाशेपट कमी होतो पण पदार्थ बदलत नाही, गरम झाला की पुन्हा गॅस. एलपीजी म्हणजे प्रोपेन-ब्युटेन, थोडं प्रेशर दिलं की सिलिंडरमध्ये लिक्विड होऊन बसतात, विहिरीच्या गॅसमध्ये ते आधीपासूनच असतात, फक्त वेगळे काढायचे. सीएनजी लिक्विड नाहीच, दाबलेला गॅस आहे. प्रश्न ४ मध्ये जे सांगितलं त्यात मात्र पदार्थच बदलतो, मिथेनचं खरोखर डिझेल होतं, साध्या ड्रममध्ये, साध्या तापमानाला राहतं.

६. किती गॅसमध्ये किती डिझेल निघतं?

अंदाजाचा आकडा लक्षात ठेवा, १० हजार घनफूट गॅसला १ बॅरल. म्हणजे साधारण २८० घनमीटरला १५९ लिटर, लिटरमागे पावणेदोन घनमीटरच्या आसपास. गॅसमधली ऊर्जा १०० धरली तर मालात जेमतेम ६० उरते, बाकी प्लांटच खातो.

रोज १ हजार बॅरलचा प्लांट, जो या धंद्यात अगदी बारका समजतात, त्यालाही रोज १ कोटी घनफूट गॅस लागतो. तोही रोज, सारखा. आज आहे उद्या नाही असा गॅस इथे चालत नाही, रिफॉर्मर गार करून परत तापवणं म्हणजे दिवसच्या दिवस वाया.

७. मुंबई हाय आपल्या समोर. मग कोकणात असा प्लांट का नाही? का आपल्याला कायम उपाशीच ठेवणार?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि रागाने येतो, म्हणून जरा सविस्तर.

मुंबई हाय सापडलं १९७४ ला, उत्पादन सुरू झालं १९७६ ला, किनाऱ्यापासून साधारण १६० किलोमीटर आत. सुरुवातीला आणि ८०च्या दशकातही बराच गॅस खरंच जळला, कारण तेल काढायची घाई होती आणि गॅस दाबायचे कॉम्प्रेसर, पाइपलाइन, गिऱ्हाईक सगळं मागून आलं. पण मागून आलं हे महत्त्वाचं. उरणला प्लांट झाला, तिथे एलपीजी आणि नाफ्था वेगळा काढायला लागले. उरणचा इथेन-प्रोपेन पाइपाने नागोठण्याला जायला लागला, त्याचं प्लास्टिक होतं. थळला युरियाचा कारखाना आला, तो गॅसवर. उरणला गॅसवर वीज करणारं केंद्र झालं. आणि दशकाच्या शेवटी हजिरा-विजयपूर-जगदीशपूर पाइपलाइनने वसईचा गॅस पार उत्तरेत नेला. आता तर घरगुती पाइप गॅस आणि सीएनजीला देशी गॅस आधी द्यायचा असं सरकारचं धोरणच आहे.

थोडक्यात रायगडात गॅसला घेणारे रांगेत उभे आहेत. देश आपल्याला लागणाऱ्या गॅसपैकी साधारण निम्मा परदेशातून एलएनजी म्हणून विकत आणतो. असं असताना हातातला गॅस घेऊन त्यातली चाळीस टक्के ऊर्जा प्लांटमध्ये जाळायची आणि डिझेल करायचं, हा हिशोब कोण मांडेल? पेटीत भरून वाशीला जाणारा हापूस कुणी कॅनिंगला घालत नाही, कॅनिंगला जातो तो डागी नाहीतर ज्याला गाडी मिळाली नाही तो. गॅसचं डिझेल हे गॅसचं कॅनिंग आहे. जिथे पाइपलाइन पोचत नाही, गिऱ्हाईक नाही, आणि गॅस मात्र प्रचंड, तिथे ते शोभतं. कतारला शोभलं.

कोकणाला काय मिळालं नि काय नाही यावर भांडायला जागा भरपूर आहे, नोकऱ्या, जमिनी, खाडीतली मासेमारी, सगळ्यावर भांडा, मीही तुमच्याबरोबर आहे. पण या प्लांटवरून नको.

८. मग समुद्रात प्लॅटफॉर्मवरच छोटा प्लांट बसवायचा. तिथला फ्लेअर तर वाया जातोच ना?

आयडिया चांगली आहे, आणि जगात यावर बराच पैसा घातला गेलाय. नळ्यांऐवजी केसासारख्या बारीक खाचांचे रिॲक्टर केले की उष्णता पटकन निघते आणि सगळं आटोपशीर होतं, जहाजावर बसवता येईल असं डिझाइन लोकांनी केलं. अडचणी तीन. ऑक्सिजनचं युनिट आणि कच्चं तेल एकाच डेकवर ठेवायला कुणाची छाती होत नाही. उंच कॉलम डोलायला लागले की आतलं लिक्विड एका बाजूला जातं, आणि आपला जून-जुलैचा समुद्र तुम्हाला मी सांगायला नको. तिसरं म्हणजे प्लॅटफॉर्मवर जागा सोन्याच्या भावाची असते, तिथे तेल काढणाऱ्या यंत्राला पहिला मान.

त्यापेक्षा तोच गॅस परत विहिरीत दाबतात, म्हणजे तेल वर यायला मदत होते, किंवा त्यावर प्लॅटफॉर्मची वीज करतात. कमी नाट्यमय, जास्त उपयोगी.

आणि हो, फ्लेअरच्या उजेडाला मासे जमतात म्हणून जवळ जाणारे आहेत, माहितेय मला. प्लॅटफॉर्मभोवती ५०० मीटरचं सुरक्षा क्षेत्र असतं, त्यात बोट नेणं गुन्हा आहे.

९. गोबरगॅसचं डिझेल करता येईल का? आमच्याकडे चार म्हशी आहेत.

येईल, पण करू नका. दोन घनमीटरचा घरगुती प्लांट धरा. त्यात ६० टक्के मिथेन, म्हणजे सव्वा घनमीटरही नाही. प्रश्न ६ च्या हिशोबाने दिवसाला पाऊण लिटरही डिझेल नाही, तेही मोठ्या प्लांटइतकं चांगलं चाललं तर, आणि तसं ते कधीच चालणार नाही. त्याच गॅसवर चार-पाच माणसांचा स्वयंपाक होतो. वहिनींना विचारा काय परवडतं.

मच्छीच्या, काजूबोंडाच्या, कॅनिंगच्या कचऱ्याचा मोठा प्लांट असेल तर गॅस साफ करून दाबायचा आणि गाडीत भरायचा, तो मार्ग बरा. अमेरिकेत ओक्लाहोमा सिटीला कचरा डेपोच्या गॅसवर फिशर-ट्रॉप्शचा छोटा प्लांट काढला होता, माल निघाला, २०१८ मध्ये गुंडाळला.

१०. एक जण कंटेनरमध्ये बसणारा 'गॅस टू डिझेल' प्लांट विकतोय, पार्टनर व्हा म्हणतो. टाकू का पैसे?

महिन्याला एक तरी असा मेसेज येतो. प्रत्येक माणूस फसवाच असेल असं म्हणत नाही, पण पैसे काढायच्या आधी हे विचारा आणि उत्तरं कागदावर मागा: गॅस कुठला, रोज किती, आणि किती वर्षांचा करार? गंधक किती, रिपोर्ट दाखवा. ऑक्सिजन कुठून आणणार? तयार झालेलं पाणी कुठे सोडणार? मेण निघणार की डिझेल, डिझेल असेल तर मेण तोडायचं युनिट त्या कंटेनरमध्ये आहे का? माल कोण घेणार? सलग सहा महिने चाललेला असा प्लांट कुठे आहे, मला घेऊन चला.

याच्यावर पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटनेची परवानगी, प्रदूषण मंडळाची संमती, आणि किनाऱ्याजवळ असाल तर सीआरझेडची, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राची, मंजुरी लागते. "लायसन लागत नाही, छोटा आहे" असं म्हणाला की चहा पिऊन उठा.

११. असं डिझेल बोटीच्या इंजिनाला चालेल का? ॲव्हरेज वाढतं म्हणतात.

इंजिनाला आवडतं. दिसायला पाण्यासारखं स्वच्छ, वास जवळजवळ नाही, गंधक नावाला. सीटेन (डिझेल किती पटकन पेटतं त्याचं माप) ७० च्या वर जातं, आपल्या बीएस-६ डिझेलला किमान ५१ लागतं, त्यामुळे इंजिन झटकन पेटतं, आवाज कमी, काळा धूर कमी.

ॲव्हरेज मात्र वाढत नाही, किंचित घटतंच. हे डिझेल हलकं असतं, लिटरला ७८० ग्रॅमच्या आसपास, त्यामुळे लिटरमागे ऊर्जा चार-पाच टक्के कमी. गंधक नसल्यामुळे वंगणपणा पण कमी, ॲडिटिव्ह घातल्याशिवाय पंप झिजतो. आणि जुन्या इंजिनात एक गुपचूप त्रास होतो: वर्षानुवर्षं साध्या डिझेलमध्ये फुगलेल्या रबरी ओ-रिंग या डिझेलमध्ये आकसतात, मग पंपाच्या जॉइंटमधून थेंब थेंब गळायला लागतं. सील बदलले की थांबतं. बहुतेक ठिकाणी हे डिझेल साध्या डिझेलमध्ये मिसळूनच विकतात.

आता खरी गोष्ट. कोकणच्या कुठल्याही बंदरावर तुम्हाला हे मिळणार नाही. कुणी समुद्रात किंवा जेटीवर "गॅसपासूनचं, स्वस्त" म्हणून देत असेल तर ते सॉल्व्हंट, भेसळ नाहीतर स्मगलिंगचं डिझेल आहे. पकडले गेलात तर बोट अडकते, आणि मच्छीमार सोसायटीच्या पंपाशिवाय घेतलेल्या डिझेलवर कराचा परतावा मिळत नाही तो वेगळाच.

१२. डिझेलऐवजी मिथेनॉल केलं तर सोपं ना?

सोपं आहे, हो. सिनगॅसपर्यंत सगळं तेच, पुढे मेणाच्या भानगडीशिवाय एकच पदार्थ निघतो. न्यूझीलंडने १९८५-८६ पासून मोटुनुईला गॅसचं मिथेनॉल आणि त्याचं पेट्रोल काढलं, पुढे तेल स्वस्त झाल्यावर पेट्रोल सोडून नुसतं मिथेनॉल विकायला लागले. आपल्याकडे आसामात नामरूपला गॅसवर मिथेनॉल होतं, आणि २०२२ मध्ये तिनसुकियात १५ टक्के मिथेनॉलवालं पेट्रोल प्रायोगिक म्हणून विकायला काढलं होतं.

पण मिथेनॉल विष आहे. थोडंसं पोटात गेलं तरी डोळे जातात, जास्त गेलं तर माणूस जातो. ज्योत दिवसा दिसत नाही. लिटरमागे ऊर्जा डिझेलच्या निम्म्याहून कमी, म्हणजे तेवढ्याच ट्रिपला दुप्पट टाकी. बोटीवर खलाशी झोपतात, जेवण करतात, तिथे हे ड्रम ठेवायची कल्पना मला तरी सहन होत नाही.

१३. हे डिझेल 'ग्रीन' म्हणायचं का?

जळणाऱ्या फ्लेअरचा गॅस घेऊन केलंत तर फायदा आहे, तो गॅस तसाही जळणार होता, आता त्याच्या जागी तेवढं दुसरं डिझेल वाचलं. पण विकता येण्यासारखा गॅस मुद्दाम विहिरीतून काढून केलंत तर प्लांटमध्ये जळालेली चाळीस टक्के ऊर्जा धरावी लागते, मग साध्या डिझेलपेक्षा कार्बन कमी पडत नाही. धूर कमी हा फायदा मात्र दोन्हीकडे खरा, बंदरात उभ्या बोटींमध्ये काम करणाऱ्यांना तो लगेच कळेल. गोबर किंवा कचऱ्याचा गॅस असेल तर गोष्ट वेगळी, पण प्रश्न ९ बघा.

१४. मोठ्या कंपन्यांना तरी परवडतं का?

कधी कधी. गॅस स्वस्त आणि तेल महाग, दोन्ही एकाच वेळी आणि वीसेक वर्षं टिकलं तर. पर्लला १८-१९ अब्ज डॉलर लागले, तेल महाग असताना ते तरले. एस्क्राव्होसचा खर्च ठरल्यापेक्षा कितीतरी पट वाढला आणि तो २०१४ मध्ये सुरू होतोय तोवर तेल कोसळलं. शेलने अमेरिकेत लुइझियानाला असाच प्लांट काढायचा ठरवलं होतं, २०१३ च्या डिसेंबरात गुंडाळलं. मॉसल बे बघा, समुद्रातला गॅस, किनाऱ्यावर प्लांट, आपल्यासारखंच गाव, समुद्रातला गॅस संपत आला आणि २०२० च्या शेवटी उत्पादन थांबलं. मुंबई हाय पन्नाशीला आलंय हे विसरू नका.

१५. दाभोळला एलएनजी येतो, त्याचं डिझेल करता येईल?

येईल, पण कशाला? परदेशात पैसे मोजून गार केलेला गॅस, जहाजाने आणलेला, त्याचं परत डिझेल, म्हणजे प्रत्येक पायरीला पैसे जाळणं. त्यात अंजनवेलला, जिथे दाभोळचं टर्मिनल आहे, ब्रेकवॉटर (लाटा अडवणारा बांध) अपुरा म्हणून कित्येक वर्षं पावसाळ्यात जहाजंच लागत नव्हती, आणि प्लांटला तर गॅस रोज लागतो (प्रश्न ६).

१६. फ्लेअर एक दिवस पूर्ण बंद होईल का?

रोजची जाळणी बंद होऊ शकते, बऱ्याच ठिकाणी झालीय. सेफ्टीची पायलट ज्योत मात्र प्लांट आहे तोवर राहणार, आणि राहायलाच पाहिजे.

१७. ज्वाला अचानक मोठी झाली, काळा धूर, घरघर आवाज. पळायचं का?

नाही. मोठी ज्वाला म्हणजे आत काहीतरी ट्रिप झालंय आणि गॅस जिथे जायला हवा तिथे जातोय. काळा धूर म्हणजे हवा नीट मिसळत नाहीये, ऑपरेटर वाफ वाढवतो, धूर जातो. घरघर त्या वाफेची आणि गॅसच्या वेगाची.

काळजी करायची ती उलट वेळी. ज्वाला पूर्ण विझलेली आहे आणि फुसफुस आवाज येतोय, किंवा पाइपलाइनच्या रस्त्यावर खड्ड्यातल्या पाण्यात बुडबुडे, एका पट्ट्यात गवत सुकलेलं. घरच्या गॅससारखा वास येईल अशी वाट बघू नका, तो वास नंतर मुद्दाम मिसळलेला असतो, विहिरीकडून येणाऱ्या गॅसला तो नसतो. अशा वेळी गाडी चालू करायची नाही, मोबाइल तिथे उभं राहून काढायचा नाही, वारा कुठून येतोय ते बघून आडव्या दिशेने लांब जायचं आणि मग ११२ ला फोन लावायचा. पाइपलाइनच्या पिवळ्या खुणेच्या खांबावर कंपनीचा इमर्जन्सी नंबर लिहिलेला असतो, तो आजच फोनमध्ये सेव्ह करून ठेवा.